पेशंटच्या वेळेपासून उलटं मोजा: सायक्लोट्रॉनच्या बीमपासून नांदेडच्या पेट-सीटीपर्यंत एफडीजीचा प्रवास

कॅन्सरच्या पेशंटला पेट-सीटी स्कॅनआधी जे इंजेक्शन देतात, त्याला आम्ही एफडीजी म्हणतो. पूर्ण नाव फ्लोरोडीऑक्सिग्लुकोज. ही साखरच, फक्त तिच्या एका कोपऱ्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू चिकटवलेला. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात, म्हणून हीही बाकीच्या पेशींपेक्षा जास्त ओढून घेतात आणि कॅमेऱ्यात उजळ दिसतात. मेंदू, हृदय आणि मूत्राशयही उजळतात. ते कुठे स्वाभाविक आणि कुठे नाही, हे ओळखणं डॉक्टरांचं काम. आमचं काम त्याच्या आधीचं: हे औषध बनवायचं आणि वेळेत पोचवायचं.

अडचण एकच. फ्लोरिन-१८चा अर्धायुष्य काळ ११० मिनिटांचा आहे. दर ११० मिनिटांनी माल निम्मा होतो, तुम्ही गाडीत असा, लिफ्टमध्ये असा नाहीतर सही घ्यायला थांबलेले असा. त्यामुळे या धंद्यात नियोजन यंत्रापासून सुरू होत नाही. पेशंटच्या हाताला सुई कधी लागणार, तिथून मागे मोजत यायचं. पुढचं सगळं मी त्याच क्रमाने लिहितो आहे. फिजिक्स-केमिस्ट्रीची एमएस्सी करून या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं आणि आपल्या हॉस्पिटलात पेट-सीटी बसवायचा विचार करणारी मंडळी, दोघांनाही उपयोग व्हावा.

नकाशावर अर्धायुष्य मांडा

सायक्लोट्रॉन म्हणजे प्रोटॉनना वेग देऊन किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र. त्यातून बरेच समस्थानिक, म्हणजे अशा अणूंचे प्रकार, निघतात. ऑक्सिजन-१५ दोन मिनिटांत निम्मा होतो, तो यंत्राच्या शेजारच्या खोलीतच वापरायचा. नायट्रोजन-१३ दहा मिनिटांचा. त्याचा अमोनिया हृदयाच्या रक्तपुरवठ्यासाठी उत्तम, पण त्याच आवारात. कार्बन-११ वीस मिनिटांचा, फार तर शहरातल्या शहरात. गॅलियम-६८ अडुसष्ट मिनिटांचा. प्रोस्टेटच्या तपासणीत त्याला मोठी मागणी आहे, पण बहुतेक ठिकाणी तो जर्मेनियम-६८च्या जनरेटरमधून जागेवरच काढतात (हा विजेचा जनरेटर नव्हे, जास्त टिकणाऱ्या समस्थानिकापासून कमी टिकणारा काढून घ्यायचं छोटं उपकरण). जिल्ह्याची हद्द ओलांडून जायची ताकद रोजच्या कामातल्या फ्लोरिन-१८मध्येच आहे. कॉपर-६४ बारा-तेरा तास टिकतो आणि झिर्कोनियम-८९ तीन दिवसांहून जास्त, पण त्यांची मागणी थोडी आणि कामही वेगळं.

एक घोळ नेहमी होतो, तो आधीच मिटवतो. गामा कॅमेऱ्यावरचा बोन स्कॅन किंवा थायरॉइड स्कॅन टेक्नेशियम-९९एमवर चालतो. त्याचा जनरेटर मॉलिब्डेनम-९९चा आणि ते मॉलिब्डेनम मुख्यतः अणुभट्टीत बनतं. त्या कामासाठी सायक्लोट्रॉन लागत नाही. "आमच्याकडे न्यूक्लियर मेडिसिन आहे, मग सायक्लोट्रॉनही हवा" हे समीकरण चुकीचं आहे.

भारतातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला, १६.५ एमईव्ही प्रोटॉनचा (एमईव्ही हे प्रोटॉनच्या ऊर्जेचं माप). आजही त्याच पल्ल्यातली यंत्रं हॉस्पिटलांसाठी पुरेशी ठरतात. कोलकात्याचा सायक्लोन-३० तीस एमईव्हीचा आहे, पण त्याचं काम गॅलियम-६७, थॅलियम-२०१ अशांपर्यंत जातं. तो आपल्या गणितात नको.

आता मराठवाडा. समजा यंत्र छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या बाजूला आहे. जालना तासाभरावर, बीड अडीच तासांवर, परभणी त्याच्या पुढे, नांदेड आणि लातूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. भूगोलाने बघितलं तर यंत्र परभणीत हवं, मध्यभागी. पण मी तरी तसं करणार नाही. यंत्र जिथे सर्वांत जास्त पेशंट दाराशी आहेत तिथेच ठेवावं, कारण दाराशी असलेल्या पेशंटला लागणारा माल रस्त्यावर मरत नाही. आणखी एक, नांदेडहून हैदराबादही साधारण तितकंच लांब आहे. नांदेडच्या सेंटरला पहिल्या दिवसापासून दोन पुरवठादार ठेवता येतात आणि त्यांनी ते ठेवावेतच.

उलटं गणित

एक सकाळ मांडून बघू. नांदेडला सहा पेशंट, पहिलं इंजेक्शन १० वाजता, मग दर अर्ध्या तासाने एक. साठ किलोच्या माणसाला साधारण ८ मिलिक्युरी (हे किरणोत्साराचं माप) धरू. सहा आठे अठ्ठेचाळीस हे उत्तर इथे चालत नाही. साडेबारा वाजता टोचून घेणाऱ्या सहाव्या पेशंटच्या ८ मिलिक्युरीसाठी १० वाजता वायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, २०.६ मिलिक्युरी असावे लागतात. प्रत्येकाचा हिशोब असा मागे नेला की १० वाजता लागतात ८१ मिलिक्युरी.

रस्त्याचे साडेचार तास, पोचल्यावर मोजणी आणि नोंदीचा अर्धा तास. म्हणजे गाडी ५ वाजता निघायला हवी. पाच तासांत माल ६.६ पटीने घटतो, तेव्हा निघताना ५३७ मिलिक्युरी हवेत. त्याआधी क्यूसी, म्हणजे गुणवत्तेची तपासणी, आणि पॅकिंगचा पाऊण तास. म्हणजे सव्वाचारला हॉट सेलमधून (औषध बनवायच्या शिशाच्या पेटीतून) औषध बाहेर पडतं तेव्हा फक्त नांदेडच्या वाट्याचे ७१३ मिलिक्युरी पाहिजेत.

संभाजीनगरमध्येच दहा पेशंट आहेत असं धरू, आठ वाजल्यापासून दर अर्ध्या तासाने. त्यांना सव्वाचारला ८९३ मिलिक्युरी लागतात. दहा जणांना ८९३ आणि सहा जणांना ७१३! रस्ता किती खातो हे या दोन आकड्यांत दिसतं.

बेरीज १६०६. क्यूसीचा नमुना आणि वायल-नळ्यांत चिकटून राहणारं धरून दहा टक्के वर घेतले की १७७० च्या आसपास. सिंथेसिसमध्ये, म्हणजे फ्लोरिन साखरेला जोडताना, साठ टक्के हाती लागतं असं धरलं, तर बीम (प्रोटॉनचा झोत) बंद होण्याच्या क्षणी टार्गेटमध्ये (तो झोत ज्यावर पडतो त्या पाण्याच्या डब्यात) साधारण २९५० मिलिक्युरी, म्हणजे जवळजवळ तीन क्युरी हवेत. या क्षणाला आम्ही ईओबी (एंड ऑफ बोम्बार्डमेंट) म्हणतो आणि सगळ्या नोंदी त्याच्यापासून सुरू होतात.

बीम किती वेळ द्यायचा? १६.५ एमईव्हीला बीमच्या करंटच्या एका मायक्रोअँपिअरमागे संपृक्त, म्हणजे जास्तीत जास्त शक्य, उत्पादन साधारण २०० मिलिक्युरी धरायला हरकत नाही. ५० मायक्रोअँपिअरला कमाल दहा हजार. पण तिथवर कधीच पोचायचं नसतं, कारण बनतं तसं ते मरतही असतं. एका तासात कमालीच्या ३१ टक्के, ११० मिनिटांत ५० टक्के, २२० मिनिटांत ७५ टक्के. पहिल्या तासाचा बीम सर्वांत फायद्याचा, दोन अर्धायुष्यांनंतर वीज आणि टार्गेट जाळण्यात अर्थ नाही. आपल्या उदाहरणात एक तास म्हणजे ३१५० मिलिक्युरी, पुरतात. बीम अडीचला सुरू, साडेतीनला बंद.

हा तक्ता आदल्या संध्याकाळी बनतो. ऑर्डर घेताना "किती मिलिक्युरी" एवढं विचारून भागत नाही, "किती वाजताचे" हेही लिहून घ्या. वेळ नसलेला आकडा म्हणजे काहीच नाही. म्हणून सायक्लोट्रॉनचा कंट्रोल रूम, डोस कॅलिब्रेटर (मिलिक्युरी मोजणारं यंत्र), क्यूसी लॅब आणि पलीकडच्या हॉस्पिटलातलं घड्याळ एकाच वेळेवर लावलेली असायला हवीत. दहा मिनिटांच्या फरकाने सहा टक्के माल कागदावर उगवतो किंवा गायब होतो आणि मग दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या मीटरवर संशय घेत बसतात.

टार्गेट आणि बीम

कच्चा माल पाणी आहे, पण साधं नाही. निसर्गातल्या पाण्यात ऑक्सिजन-१८चं प्रमाण फक्त ०.२ टक्के असतं. आम्हाला ९५ टक्क्यांच्या वरचं लागतं. असं समृद्ध पाणी महाग असतं, थेंब सांडला तरी जीव कळवळतो. एका टार्गेटमध्ये दोन ते तीन मिलिलिटर पुरतं.

यंत्राच्या आत हायड्रोजन वायूपासून ऋण आयन बनवतात, म्हणजे एका प्रोटॉनभोवती दोन इलेक्ट्रॉन. चुंबक त्यांना गोल फिरवतो, रेडिओफ्रीक्वेन्सीचा झटका प्रत्येक फेरीत दोनदा-चारदा ढकलतो, वेग वाढतो तसं वर्तुळ मोठं होत जातं. अर्नेस्ट लॉरेन्सने बर्कलीला ही कल्पना १९३०-३१ मध्ये उतरवली आणि १९३९ ला त्याला नोबेल मिळालं. त्याचं पहिलं यंत्र तळहातावर मावेल एवढं होतं. बाहेरच्या कडेला कार्बनचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, स्ट्रिपर फॉइल. त्यातून जाताना दोन्ही इलेक्ट्रॉन गळतात, ऋण आयनाचा धन प्रोटॉन होतो आणि चुंबकात उलट्या बाजूला वळून सरळ टार्गेटवर जातो. प्रोटॉन ऑक्सिजन-१८वर आदळतो, न्यूट्रॉन बाहेर उडतो, मागे उरतो फ्लोरिन-१८.

५० मायक्रोअँपिअर गुणिले १६.५ एमईव्ही म्हणजे ८२५ वॉट. हिवाळ्यात बादलीत टाकतो त्या हीटरच्या रॉडची उष्णता चमचाभर पाण्यात सोडल्यासारखं आहे हे. म्हणून टार्गेटचा डबा नायोबियम किंवा टँटलमसारख्या धातूचा, मागून गार पाण्याचा प्रवाह आणि आत वायूचा दाब. समोरची खिडकी हॅवर नावाच्या मिश्रधातूच्या पातळ फॉइलची, तिला हेलियमने थंड ठेवायचं. बीम चालू असताना आमची नजर दोन आकड्यांवर असते, टार्गेटचा दाब आणि टार्गेटवरचा करंट. दाब हळूहळू खाली सरकू लागला तर गळती. करंट तोच पण दाब नेहमीपेक्षा कमी, तर पाणी कमी भरलं गेलंय. दाब अचानक शून्यावर आला तर फॉइल फाटलं आणि त्या रात्रीचा माल गेला. फॉइल किती मायक्रोअँपिअर-तास चाललं याची वही ठेवा आणि फाटायची वाट न बघता बदला.

भरणीचं पाणी स्वच्छ हवं. धातूचे आयन किंवा सेंद्रिय कचरा असला तर फ्लोराइड बनतं पण पुढे केमिस्ट्रीत निरुपयोगी ठरतं. बऱ्याच दिवसांनी टार्गेट वापरात घेताना आधी थोडा वेळ कमी करंटवर चालवून ते पाणी टाकून द्यायचं.

आपल्याकडची वीज, पाणी आणि मे महिना

यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात हा भाग चार ओळींत आटोपतो. मराठवाड्यात मात्र खरी लढाई इथेच होते.

सायक्लोट्रॉनच्या आत उच्च निर्वात असतो. वीज दोन सेकंद झपकली तरी आरएफ (रेडिओफ्रीक्वेन्सी) आणि चुंबक बंद पडतात आणि पंप थांबला तर निर्वात परत यायला तास जातात. पहाटे तीनला तेवढे तास कोणाकडेच नसतात. सगळ्या यंत्रासाठी यूपीएस घेणं परवडत नाही. निर्वात पंप, कंट्रोल, रेडिएशन मॉनिटर आणि हॉट सेलचं एक्झॉस्ट एवढं तरी यूपीएसवर असलंच पाहिजे, बाकी जनरेटरवर. महावितरणकडून एक्स्प्रेस फीडर मिळत असेल तर खर्चाकडे बघू नका. पहिल्या वळवाच्या पावसात त्याचे पैसे वसूल होतात.

चुंबकाच्या कॉइल, आरएफ आणि टार्गेट थंड करणारं आतलं पाणी विआयनित (क्षार काढलेलं) हवं, बंद फेऱ्यात फिरणारं. आपल्या बोअरचं पाणी इतकं जड की बाहेरच्या फेऱ्यातल्या कंडेन्सरवर दोन-तीन महिन्यांत खडे धरतात. आरओ आणि सॉफ्टनर लागतातच, पण जिथे उन्हाळ्यात टँकरवर दिवस निघतात तिथे वॉटर-कूल्ड चिलर घेणंच शहाणपणाचं नाही. ज्या भागात २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हवेवर चालणारा चिलर बरा. फक्त तो ४५ अंशांच्या हवेला त्याच क्षमतेने चालेल असं लेखी घ्या. छापील पत्रकातली क्षमता बहुतेक वेळा ३५ अंशांची असते.

खोली आणि परवानगी

दोन रस्ते आहेत. ११ एमईव्हीच्या आसपासचं लहान यंत्र स्वतःचं कवच घेऊन येतं, त्याला जाड भिंतींची खोली फारशी लागत नाही. १६-१८ एमईव्हीचं उघडं यंत्र घेतलं तर साधारण दोन मीटर काँक्रीटच्या भिंतींचा व्हॉल्ट बांधावा लागतो. त्या भिंती मुख्यतः न्यूट्रॉनसाठी असतात, कारण प्रत्येक फ्लोरिन-१८ मागे एक न्यूट्रॉन मोकळा सुटतो. मराठवाड्यासारख्या लांब पल्ल्याच्या पुरवठ्याला मोठं यंत्रच घ्यावं. नांदेडच्या सहा पेशंटसाठी किती लागलं ते वर दिसलंच.

नियमन अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं. जागा आणि आराखडा, बांधकाम, यंत्र बसवून चाचणी, मग चालवण्याचा परवाना, असे टप्पे आहेत आणि सगळे अर्ज ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून जातात. आराखडा मंजूर होण्याआधी काँक्रीट ओतायचं नाही. मान्यताप्राप्त रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नसेल तर परवाना नाही. आणि ज्या हॉस्पिटलला एफडीजी पाठवायचं त्याचाही स्वतःचा परवाना असायला हवा. ओळखीवर एक वायलही बाहेर जात नाही.

काम करणाऱ्यांसाठी डोसची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणांचं माप) आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी वर्षाला १. छातीवर टीएलडी बॅज (अंगावर किती डोस पडला ते मोजणारा बिल्ला), बोटात अंगठीचा टीएलडी. नव्या मुलांना बॅज सांभाळावासा वाटतो, अंगठी विसरायला होते. खरा डोस बोटांनाच बसतो.

व्हॉल्टमध्ये कुणी राहिलं नाही ना, हे बघायला आत फिरून शोधाची बटणं दाबत बाहेर यायचं, शेवटी दार बंद. हे काम कॅमेऱ्यावर बघून उरकण्याचं नाही. बीम बंद झाल्यावरही लगेच आत जाऊ नये. हवेतल्या आरगॉनपासून आरगॉन-४१ बनलेला असतो, तोही ११० मिनिटांच्या जवळपासचाच, आणि टार्गेटभोवतीचे धातू चांगलेच तापलेले असतात, किरणांच्या अर्थाने.

हॉट सेलमधला पाऊण तास

साडेतीनला बीम थांबला की हेलियमच्या दाबाने ते पाणी बारीक नळीतून हॉट सेलमध्ये ढकलतात. ७५ मिलिमीटर शिशाच्या भिंतींच्या पेटीत सिंथेसिस मॉड्यूल बसवलेलं असतं. त्याची कॅसेट, अभिक्रियाकारकांच्या बाटल्या, गळतीची चाचणी हे सगळं बीम सुरू व्हायच्या आधीच झालेलं असावं. फ्लोरिन आत आल्यावर दार उघडता येत नाही.

पुढचं यंत्र आपोआप करतं, पण आत काय चाललंय हे माहीत नसेल तर स्क्रीनवरच्या रेघा वाचता येत नाहीत. पाणी आधी क्यूएमए नावाच्या लहानशा कार्ट्रिजमधून जातं. फ्लोराइड तिथे अडकतं, ऑक्सिजन-१८चं पाणी पलीकडच्या बाटलीत जमा होतं. पोटॅशियम कार्बोनेट आणि क्रिप्टोफिक्स नावाच्या रसायनाच्या द्रावणाने फ्लोराइड सोडवून घेतात. मग ॲसिटोनायट्राइल हा द्रावक घालून, तापवून, वायू सोडून पाण्याचा अंश उडवायचा. हा वाळवणीचा टप्पा सगळ्यात नाजूक. पाणी राहिलं तर फ्लोराइड पाण्यालाच चिकटून बसतं आणि साखरेशी जोडलंच जात नाही. पावसाळ्यात उत्पादन खाली येतं तेव्हा मी आधी ॲसिटोनायट्राइलची बाटली आणि तिचं झाकण बघतो, मॉड्यूल नंतर.

वाळल्यावर मॅनोज ट्रायफ्लेट येतं, म्हणजे फ्लोरिन जोडून घ्यायला तयार केलेली साखर. ८५ अंशांच्या आसपास काही मिनिटांत ट्रायफ्लेट सुटतो, त्याच्या जागी फ्लोरिन-१८ बसतो. ही पद्धत १९८६ ला जर्मनीत युलिखच्या हामाखर आणि सहकाऱ्यांनी मांडली आणि आजही जगभर मूळ सांगाडा तोच आहे. शेवटी अल्कली किंवा आम्लाने साखरेवरचं ॲसिटाइलचं आवरण काढायचं, दोन-तीन कार्ट्रिजमधून शुद्ध करायचं आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून निर्जंतुक वायलमध्ये.

वायल डोस कॅलिब्रेटरमध्ये उतरली की आकडा दिसतो. त्याकडे टक लावून बघितलं तर शेवटचा अंक आपल्या डोळ्यांसमोर खाली उतरताना दिसतो. हा एक क्षण मला अजून आवडतो.

क्यूसी: आधी काय, नंतर काय

गाडी सुटण्याआधी जे झालंच पाहिजे ते असं. शिशाच्या काचेमागून बघायचं, द्रावण नितळ आणि कणविरहित. पीएच पट्टीवर, ४.५ ते ७.५ मध्ये बसावा. अर्धायुष्य मोजायचं, १०५ ते ११५ मिनिटांच्या आत आलं पाहिजे. दुसरा एखादा समस्थानिक मिसळला असेल तर इथेच आकडा हलतो. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने किरणरासायनिक शुद्धता: सिलिकाच्या पट्टीवर एफडीजी वर चढतं, मोकळं फ्लोराइड खालीच बसून राहतं. किमान ९०-९५ टक्के एफडीजी हवं. अमेरिकन प्रमाणग्रंथ ९० म्हणतो, युरोपचा ९५. आम्ही ९५ च धरतो.

क्रिप्टोफिक्स विषारी असतं, त्याची मर्यादा मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. आयोडोप्लॅटिनेट लावलेल्या पट्टीवर शेजारीशेजारी दोन थेंब ठेवायचे, एक ठरलेल्या ५० च्या द्रावणाचा, एक आपला. मर्यादेच्या थेंबाभोवती निळसर काळपट कडं उमटतं. आपला थेंब त्याच्यापेक्षा फिका राहिला तर पास. दिसायला शाळेतल्या प्रयोगासारखं वाटतं, पण या पट्टीशिवाय बॅच सोडायची नाही. ॲसिटोनायट्राइल आणि अल्कोहोल गॅस क्रोमॅटोग्राफवर, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) कार्ट्रिजवर वीसेक मिनिटांत. आणि फिल्टर फाटला नव्हता ना, याची बबल पॉइंट चाचणी. ती चुकली तर बाकी सगळं उत्तम असूनही बॅच थांबते.

निर्जंतुकतेचा अहवाल मात्र १४ दिवसांनी येतो, म्हणजे पेशंट केव्हाच घरी गेलेला असतो. म्हणूनच फिल्टर, स्वच्छ खोली आणि हातमोज्यांची शिस्त यांवर एवढा भर. इथे मागाहून दुरुस्ती नसते.

रस्ता

नांदेडला निघालेली ५३७ मिलिक्युरीची वायल शिशाच्या भांड्याबाहेर एका मीटरवर ठेवली तर तासाला साधारण २.८ मिलिसिव्हर्ट देते. सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा वीसेक मिनिटांत संपली. म्हणून जाड लेड किंवा टंगस्टनचं पॉट, त्यावर टाइप-ए पॅकेज, बाहेर लेबल. पृष्ठभागावर तासाला अर्धा मिलिसिव्हर्टपर्यंत आणि ट्रान्सपोर्ट इंडेक्स १ पर्यंत असेल तर पिवळं-दोन. त्याच्या वर पिवळं-तीन. इंडेक्स म्हणजे एका मीटरवरचा दर मिलिसिव्हर्टमध्ये, गुणिले शंभर. निघताना सर्व्हे मीटरने मोजून लेबलवर लिहायचं, आठवणीने नाही.

ड्रायव्हर हा या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे असं माझं मत. त्याला प्रशिक्षण, बॅज, कागदपत्रं आणि अपघात झाला तर कोणाला फोन करायचा तो कागद, सगळं द्या. पॉट डिकीत पक्कं बांधलेलं, त्याच्या पाठीपासून शक्य तितकं लांब. गाडीत सवारी घ्यायची नाही, कितीही ओळखीची असो. ऊस तोडणीच्या हंगामात पहाटेच्या अंधारात मागे लाइट नसलेल्या ट्रॉल्या असतात, तेव्हा कागदावरचे साडेचार तास पाच धरा आणि ऑर्डर त्या हिशोबाने वाढवा. एक तास उशीर झाला तर नांदेडला सहापैकी चौघांनाच पुरेल एवढा माल उरतो, दोघांना परत पाठवावं लागतं.

पलीकडे काय घडतं तेही आपलंच काम समजा. पेशंट हिंगोली-किनवटकडून पहिल्या एसटीने येतो. चार ते सहा तास उपाशी हवा, रक्तातली साखर २०० च्या आत. टेक्निशियन विचारतो, "मावशी, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" मावशी म्हणते, "न्हाई बाबा, नुसता च्या घेतला, बिस्किटासंगं." तो डोस मग दुसऱ्याला वेळेत देता आला तर ठीक, नाहीतर सिंकच्या बाजूच्या शिशाच्या डब्यात पडून मरतो. म्हणून आदल्या दिवशी फोन करणाऱ्याने "उपाशी या" एवढं म्हणून थांबू नये. "पाणी चालेल, साखरेचा चहा चालणार नाही, दूध नाही, गुटखा-तंबाखू नाही, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन डॉक्टरांना विचारून" असं तोडून सांगायला हवं. इंजेक्शननंतर तासभर शांत, उबदार खोलीत पडून राहायचं. गप्पा मारल्या तर गळ्याचे स्नायू उजळतात आणि स्कॅन वाचणाऱ्याला त्रास.

बॅच फसली तर

फसते. महिनोन्महिने सुरळीत चाललं तरी एखाद्या पहाटे वाळवणी बिघडते किंवा फॉइल फाटतं. त्यासाठी दोन गोष्टी आधीच ठरलेल्या असाव्यात. एक, दुसरं टार्गेट भरून तयार आणि दुसरी कॅसेट दुसऱ्या मॉड्यूलवर चढवलेली. साडेतीनलाच कळलं तर सहापर्यंत नवी बॅच निघू शकते. दुसरी, फोनचा क्रम. लांबच्या हॉस्पिटलला सर्वांत आधी, कारण त्यांचे पेशंट आधी घराबाहेर पडतात. पाच वाजता "बघतो, कळवतो" म्हणणाऱ्या पुरवठादारापेक्षा चारला "आज नाही जमणार" म्हणणारा हॉस्पिटलांना हवा असतो.

सगळा कचराही ११० मिनिटांच्याच अर्धायुष्याचा असतो असं सगळे समजतात, ते खरं नाही. सिरिंज, हातमोजे, वायल एक दिवस ठेवून मीटरने तपासले की साध्या वैद्यकीय कचऱ्यात जातात. दहा अर्धायुष्यांत, म्हणजे अठरा तासांच्या थोडं पुढे, हजारावा भागच उरतो. पण हॅवर फॉइलमधून कोबाल्ट आणि मँगनीजचे दीर्घायुषी समस्थानिक सुटतात आणि टार्गेटच्या पाण्याबरोबर क्यूएमए कार्ट्रिजवर येऊन बसतात. वापरलेल्या ऑक्सिजन-१८च्या पाण्यात ट्रिटियमही असतं. ते पाणी जपून साठवायचं, सिंकमध्ये ओतायचं नाही. कार्ट्रिज वेगळ्या डब्यात, तारीख टाकून. जुनी फॉइल चिमट्याने काढून शिशाच्या पेटीत, नोंदवहीत क्रमांक आणि दर लिहून. ती पेटी वर्षानुवर्षं तिथेच राहते, त्यामुळे स्टोअर बांधतानाच तिच्यासाठी कोपरा ठेवा.